नळ घट्ट बंद करू नकोस

रात्री पावणेतीनला स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसला. आई ओट्यापाशी उभी. नळाची चावी दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबून फिरवायचा प्रयत्न चाललेला. बोटं वापरतच नव्हती.

"एवढा घट्ट नको रे बंद करत जाऊ."

बस्स, एवढंच म्हणाली.

पाणी कोमट करून पातेल्यात दिलं. तिने हात बुडवले, डोळे मिटले. सुजलेले सांधे पाण्यात आणखीच मोठे दिसत होते.

आमवाताचं दुखणं पहाटेकडे का वाढतं, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. सूज आवरणारं शरीरातलं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं, आणि सूज वाढवणारी रसायनं पहाटेपर्यंत चढत जातात. म्हणून सकाळी तासभर तरी बोटं वळत नाहीत. गोळी आठवड्यातून एकदाच, मेथोट्रेक्सेटची. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर रविवारला लाल गोल. बाकी आमच्या सांगलीत प्रत्येकाकडे एकच औषध, हळदीचं दूध! २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली हळद आहे, सल्ला तर येणारच. आई पिते, म्हणते चव बरी लागते.

सकाळी घरभर हिंडलो. लोणच्याची बरणी, तेलाचा डबा, न्हाणीघराची कडी. सगळं मीच आवळून ठेवलेलं. 'नीट' लावायची सवय ना माझी.

रात्री तहान लागल्यावर ती किती वेळा तशीच झोपली असेल?