कालच्या बर्फाचं पाणी

वास घालवून दिलेली गाडी चौथ्या दिवशी परत आली. मुलाने दार उघडलं आणि शेजारच्या गाळ्यातल्या पंक्चरवाल्याने हातातली ट्यूब खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. मला काही विचारायची गरजच उरली नाही. वास गेला नव्हता, वाढला होता.

जुईनगरला सर्व्हिस रोडलगत माझा गाळा आहे. गाड्या आतून-बाहेरून साफ करणं, पॉलिश, कोटिंग, सीटची धुलाई ही कामं मी नऊ वर्षं करतो आहे. इतक्या वर्षांत केलेलं काम तसंच्या तसं परत येण्याची वेळ फार क्वचित आली. त्यातली ही एक, आणि चूक माझी होती.

पहिल्यांदा तो मुलगा एकटाच आला होता. ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला, राहणार दिवाळे गावात. पांढरी हॅचबॅक, तीन वर्षांची. म्हणाला, "दादा, आत कसलातरी वास येतो." मी विचारलं, दूध वगैरे सांडलंय का? "असेल," म्हणाला आणि नजर चुकवली. तिथेच मी थांबायला हवं होतं. गणपती नुकतेच उठले होते, गाळ्यासमोर गाड्यांची रांग होती, मी नेहमीचं काम उरकलं. व्हॅक्यूम मारला, सीटवर आणि कार्पेटवर वाफेचं मशीन फिरवलं, एसीचा फिल्टर बदलला, काचा लावून अर्धा तास ओझोन सोडला आणि मग दारं उघडी ठेवून गाडी मोकळी केली. वास गेल्यासारखा वाटला. पैसे घेतले, गाडी दिली.

ओझोन हवेतला वास मारतो. कापडाच्या वरच्या थरातलाही थोडाफार मारतो. पण कार्पेटखाली फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांचा जाड थर असतो, तो भिजला की त्यात ओझोन पोचत नाही. वाफेने तर उलटंच होतं. अंडं उकळलं की पांढरं घट्ट बसतं, तसं दूध, रक्त, माशाचं पाणी यातलं प्रथिन उष्णतेने धाग्यात घट्ट बसतं. वर शिवाय ओल वाढते. सीटवर नेमकं काय सांडलंय ते कळल्याशिवाय वाफ मारायची नाही, हे मी कामावरच्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी मीच ते केलं नाही.

दुसऱ्यांदा त्याच्याबरोबर त्याची आई होती. ती बाहेरच्या स्टुलावर बसली. मुलाने मला कोपऱ्यात नेऊन खरं काय ते सांगितलं. आई दिवाळ्याच्या मासळी बाजारात बसते. माल आणायचा टेम्पो चारजणी मिळून भाड्याने घ्यायच्या, तो नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बंद झाला. तेव्हापासून हा पहाटे तीनला उठून आईला भाऊच्या धक्क्यावर नेतो, लिलावातला माल बर्फासकट थर्माकोलच्या बॉक्समध्ये भरून वाशीच्या पुलावरून परत येतो. अटल सेतू जवळ असूनही टोल परवडत नाही. वाशीच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, म्हणून तोच रस्ता. आईला बाजारात सोडायचं, घरी जाऊन अंघोळ करायची आणि त्याच गाडीने ऐरोली गाठायची. कंपनीतले दोघं रोज त्याच्याबरोबर यायचे. आता दोघंही लोकलने जातात, कारण विचारलं तर सांगत नाहीत. आणि बायकोला आठवा महिना लागलाय. तिला गाडीत बसवलं की सानपाड्यापर्यंतही दम निघत नाही, उलटी होते. दवाखान्यात रिक्षाने न्यावं लागतं.

"आईसमोर काही बोलू नका दादा," तो म्हणाला. "तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

मी बोललोच. तिच्यासमोर जाऊन म्हणालो, "मावशी, गाडीतून मासे नेणं बंद करावं लागेल. नाहीतर मी कितीही धुतली तरी उपयोग नाही."

ती रागावली नाही. माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "बाला, या गाडीचा हप्ता म्हावऱ्यावर चाललाय. म्हावरं बंद केलं तर गाडीच नेतील."

मग उठली, मागचं दार उघडून डोकं आत घातलं. एकदा सीटपाशी, एकदा पायाजवळ. बाहेर येऊन म्हणाली, "हा म्हावऱ्याचा वास नाय. ताज्या म्हावऱ्याला वास नसतोच. हे कालच्या बर्फाचं पाणी हाय. खाली कुठंतरी साठलंय."

मी चार दिवसांपूर्वी दोन तास त्या गाडीत घालवले होते. तिला एक मिनिट लागलं.

तिचं म्हणणं शास्त्रालाही धरूनच आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. मासा बर्फात असेल तोवर हे काम सावकाश चालतं. बर्फाचं पाणी झालं, ते बॉक्समधून झिरपून कार्पेटखाली गेलं, वर ऐरोलीच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, की जीवाणूंना रान मोकळं. माल कधीच विकला गेलेला असतो, पाणी मात्र गाडीतच राहिलेलं असतं.

त्या दुपारी बाकीची कामं पुढे ढकलून आम्ही गाडी उघडायला घेतली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबलो. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगच्या आणि पट्ट्याच्या यंत्रणेचे असतात, ते बॅटरी जोडलेली असताना काढायचे नाहीत. मग पुढच्या दोन्ही सीट बाहेर, मागची बैठक बाहेर, दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या सोडवल्या. कार्पेट वरून कोरडं होतं, हात फिरवला तर कुणालाही शंका आली नसती. डाव्या बाजूने ते उचललं तेव्हा खालचा फेल्ट कार्पेटबरोबर आला नाही. तो पत्र्याला चिकटून बसला होता, पाणी पिऊन फुगलेला, करडा. मी बोट दाबलं तर खळग्यात पाणी जमलं, चहाच्या रंगाचं. फेल्ट सोलून काढला. खाली पत्र्याच्या रबरी बुचाभोवती खवले गोळा झाले होते, एकमेकांवर चढलेले, टॉर्चच्या उजेडात टिकल्यांसारखे चमकत होते. त्यात एक आख्खी करदी, वाळून नारिंगी झालेली, आणि हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा. मावशींनी तो तुकडा उचलून पदराने पुसला आणि पिशवीत टाकला. काही बोलल्या नाहीत.

गाडीचा वेग कमी झाला की पाणी पुढे सरकतं, चढावर मागे जातं. ते डिकीतून मागच्या सीटखाली आणि तिथून पाय ठेवायच्या जागेत उतरलं होतं. स्टेपनीच्या खळग्यातही दोन बोटं पाणी होतं. तिथे पत्र्याच्या जोडावर दोन रुपयांच्या नाण्याएवढा गंज धरला होता. अजून वरवरचाच. हीच गाडी आणखी एक पावसाळा अशी चालली असती तर पत्रा गेला असता. मीठ आणि ओल एकत्र राहिली की गंजाला वेळ लागत नाही.

फेल्ट फेकून द्यायचा, हे ठरलंच होतं. कितीही धुतला तरी त्याच्या पोटातलं सगळं निघत नाही. कार्पेट आणि मागच्या सीटचा फोम मात्र वाचवायचा होता. मी एन्झाइमचं द्रावण काढलं. हे प्रथिनाचे तुकडे करतं, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर जागा ओली राहावी लागते. भरपूर मारून वर प्लास्टिक अंथरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. गरम पाणी अजिबात नाही.

मावशी निघताना म्हणाल्या, "आमी पाटी चिंचेच्या पाण्यानं धुतो. साबणानं वास जात नाय, आंबटानं जातो."

मी सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, वापरतो ते पाण्याचे डाग काढायला. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या गाडीच्या काचेवर जे पांढरे ठिपके पडतात, त्यासाठी. माशाच्या वासासाठी वापरायचं मला सुचलं नव्हतं. वास अल्कली जातीचा, आंबटाशी त्याचं मीठ बनतं आणि मीठ हवेत उडत नाही. सारात कोकम, कालवणात चिंच, तळायच्या तुकडीला लिंबू, हे माझ्या घरीही रोजचंच. ते आणि हे काम एकच आहे, हे तिने सांगेपर्यंत मी जोडलं नव्हतं. सकाळी एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या मशीनने, एन्झाइम ओढून काढलं, लिटरला दहा ग्रॅम लिंबूसत्व घालून कार्पेट आणि फोम धुतला, मग साध्या पाण्याने तीनदा. तिसऱ्या वेळी मशीनच्या टाकीत पाणी जवळजवळ स्वच्छ आलं. उघड्या पत्र्याला मात्र ॲसिड लावलं नाही, तो शाम्पूने पुसून ब्लोअरने कोरडा केला.

वाळवणं हे सगळ्यात कठीण. सप्टेंबरातला नवी मुंबईचा पाऊस, दोरीवरचं फडकंही दिवसभरात वाळत नव्हतं. गाळ्याच्या आतल्या खोलीत कार्पेट उभं करून दोन पंखे आणि हवेतली ओल ओढणारं मशीन लावलं, दोन दिवस. घाईने बसवलं असतं तर बुरशीचा नवा वास माझ्याच हाताने घातला असता. मधल्या वेळात गंज घासून त्यावर गंज थांबवणारं कन्व्हर्टर, प्रायमर आणि रंग दिला. उंबऱ्याच्या पोकळीत नळीने मेण फवारलं. कुर्ल्याहून नवा फेल्ट आणून मापाने कापला. बाहेरून डिकीच्या कडेला आणि बंपरवर खवले वार्निशसारखे चिकटले होते. ते नखाने किंवा पट्टीने काढायचे नाहीत, रंगावरचा पारदर्शक थर केसाएवढाही जाड नसतो. ओलं मायक्रोफायबर वर ठेवून दहा मिनिटं थांबलं की आपोआप सुटतात. मग धुलाई, क्ले आणि मेण.

पण माल रोज येणार होता. म्हणून डिकीच्या मापाचा, चारी बाजूंनी काठ वर असलेला जाड रबरी ट्रे बसवला. थर्माकोल बंद. त्याऐवजी झाकणाचे प्लास्टिकचे बंद क्रेट, तळाशी जाळी, म्हणजे बर्फाचं पाणी खाली जमेल आणि माल त्यात बुडणार नाही. मागची सीट पाडून माल भरायचा नाही. ट्रे रोज बाजारातच रिकामा करून आंबट पाण्याने धुवायचा. हे मुलाला सांगत होतो, तर त्याने आईला पुढे केलं. तिनेच ट्रेचा काठ हाताने दाबून पाहिला आणि म्हणाली, मागच्या कोपऱ्यात अजून दोन बोटं उंच पाहिजे, पुलाच्या चढावर पाणी तिकडे जातं. मी तो कोपरा वाढवून दिला. या सगळ्याचे मी फक्त फेल्ट आणि ट्रेचे पैसे घेतले. कामाचे मी पहिल्यांदाच घेतले होते.

पाचव्या दिवशी गाडी तयार. माझ्या नाकावर मी विश्वास ठेवला नाही. चार दिवस त्याच वासात काम केल्यावर नाक तो वास सांगेनासं होतं. मावशींना म्हटलं, काचा लावून आत बसा. गाडी उन्हात उभी केली. पाच मिनिटांनी त्यांनी दार उघडलं.

"सीट चांगली हाय. खाली पण चांगलं. पण पट्ट्याला येतोय."

मागच्या सीटचा डावा पट्टा. बॉक्स हलू नयेत म्हणून तो रोज त्यांच्यावरून ओढून लावायचे. गुंडाळून आत गेला की दिसत नाही, आणि मी तो तपासलाच नव्हता. शेवटपर्यंत ओढला, परत आत जाऊ नये म्हणून चिमटा लावला. शेवटचा वीतभर भाग कडक झाला होता, पापडासारखा वाजत होता. तो भाग एन्झाइमच्या टबात बुडवून ठेवला. तासाभरात पाणी डाळ धुतल्यासारखं गढूळ झालं. तीनदा पाणी बदललं, मग आंबट पाणी, मग साधं. धागे कुठे विरले नाहीत ना, हे उजेडात धरून बोटाबोटाने पाहिलं. विरले असते तर पट्टा बदलायलाच लावला असता, तिथे तडजोड नाही. ब्रश जोरात घासला नाही आणि पंख्यासमोर रात्रभर ताणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं आली. सून मागच्या बाजूला उभी राहिली, एक हात दारावर, दुसऱ्या हातात रुमाल आधीच तोंडाशी. नवऱ्याने दार उघडलं. ती बसली. मी आणि माझ्याकडची दोन्ही पोरं काम असल्यासारखे बादलीपाशी उभे होतो. तिने दार लावून घेतलं. काच बंद होती, आतलं काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने तिने रुमाल मांडीवर ठेवला, डावा पट्टा ओढून पोटाच्या खालून घेतला आणि लावला.

मग काच अर्धी खाली करून तिने सासूला हाक मारली, "आई, तुम्ही पण मागंच बसा."