तुम्ही विचारलंत म्हणून: पायात जीव आला का?

"पायात जीव आला का रे?" गेली चार वर्षं हेच ऐकतोय. लग्नात, गेटवर, फोनवर. हापूसच्या झाडावरून झेल्यासकट (आंबे काढायची जाळीची काठी) खाली आलो, डी-10 म्हणजे पाठीचा दहावा मणका फुटला, रॉड बसले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. "हो" म्हटलं तर विचारता, मग अजून चाकाची खुर्ची का? "नाही" म्हटलं तर आईचा चेहरा उतरतो. म्हणून एकदाच नीट सांगतो.

पाय हलला म्हणजे त्यात जीव आला असं नसतं. दुसऱ्या महिन्यात माझा गुडघा ताडकन वर उडाला. भावाने व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला, गावात देवीला नारळ फुटला, पेढे वाटले. तो स्पॅझम होता. मेंदूचा ताबा सुटला की इजेखालचा मज्जारज्जू आपल्याच मर्जीने स्नायू आवळतो. तुमच्यावर राग नाही. त्यातला एक पेढा मीही खाल्ला होता.

आणि सगळ्यात मोलाची तपासणी पायाची नसतेच, गुदद्वाराची असते. तिथे बोटाचा दाब कळला तर इजा अपूर्ण, म्हणजे मज्जारज्जूचे काही धागे शाबूत आहेत. मला तो पुसटसा कळला होता. पण ही बातमी घरात कुठल्या तोंडाने सांगायची? सगळे माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले.

मग तो टाचणीचा दिवस. साधी सेफ्टी पिन. आपण डोळे मिटायचे, डॉक्टर कधी टोक लावणार, कधी मागची बोथट बाजू. आपण सांगायचं, टोचलं की नुसतं लागलं. आई पायथ्याशी उभी होती, तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या. बेंबीपर्यंत खरं सांगितलं. त्याखाली मात्र डॉक्टरांची लय पाठ झाली होती. बाहीची सळसळ, जरा थांबणं, मग "आता?" मी म्हणत गेलो, टोचलं. लागलं. टोचलं. बांगड्या वाजायच्या थांबल्या. "आता?" टोचलं. "आणि आता?" टोचलं. पुढे कुणीच काही बोलेना, म्हणून डोळे उघडले. पिन केव्हाच ट्रेमध्ये ठेवलेली होती. शेवटचे दोन प्रश्न डॉक्टरांनी हात न लावता विचारले होते, आणि आईने ते पाहिलं होतं. तिने माझ्या पायावरची चादर सारखी केली आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेली. बाटली भरलेलीच होती.

त्या वेळच्या मला मी पुष्कळ दिवस खोटारडा म्हणत होतो. हल्ली तसं म्हणवत नाही. त्याला तेव्हा खरंच काही जाणवलं होतं का, हे आज मलाही सांगता येत नाही.

उजवा अंगठा खरोखर हलला तो पाचव्या महिन्यात. स्नायूला शून्य ते पाच गुण देतात, त्याला एक मिळाला. म्हणजे नुसती थरथर. संवेदनाही आली, पण गेली होती ती नव्हे. तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे. पंख्याने चादर हलली तरी आग. प्रेगाबॅलिन या नसांच्या वेदनेवरच्या गोळीने ती निवते, विझत नाही.

"जिद्द हवी" म्हणता आणि मुरलीकांत पेटकरांचं नाव काढता. जरूर काढा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्ण. पण ते पाय परत आल्यामुळे मिळालं नव्हतं, हेही सांगा. जिद्दीने व्यायाम होतो, तुटलेला धागा जुळत नाही. परत यायचं त्यातलं बहुतेक पहिल्या सहा-नऊ महिन्यांत येतं, पुढे वेग मंदावतो. मी एक दिवसही चुकवलेला नाही.

आज उजव्या मांडीला तीन गुण, डावीला एक. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि वॉकरवर घरातल्या घरात वीस पावलं. लघवीसाठी दर चार-पाच तासांनी नळी. एकच काहीतरी माग म्हटलं असतं, तर चालणं मागितलं नसतं, लघवीवरचा ताबा मागितला असता. ते कुणी विचारत नाही.

डाव्या पोटरीवर एक तळहाताएवढी जागा आहे. तिथे बोट ठेवलेलं दिसलं की मला कळतं. डोळे मिटून तिथे हात लावून बघायला मी आईला अजून सांगितलेलं नाही.