एमएक्स-५ की एमआर२: डर्बीतल्या गाडीशोधाची नोंदवही

फेब्रुवारी, दुसरा शनिवार

सहा गाड्यांच्या यादीतून आता दोनच उरल्यात. माझदा एमएक्स-५ची दुसरी पिढी (१९९८ ते २००५) आणि टोयोटा एमआर२ची तिसरी (१९९९ ते २००७). दोन्ही दोन सीटच्या, दोन्हींना हाताने उघडायचं कापडी छत, १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना. माझदाची साधारण १४५ हॉर्सपॉवर, टोयोटाची १३८. एवढी ताकद हल्ली घरगुती गाडीतही मिळते, पण या दोघींचं वजन टनाच्या आसपास असल्यामुळे ती पुरून उरते. फरक इंजिनाच्या जागेचा आहे. माझदाचं पुढे, टोयोटाचं सीटच्या पाठीमागे. एमआर२ या नावातला ‘एम’ त्या मधल्या इंजिनाचाच.

बजेट साडेचार हजार पाउंड, आणि त्यातले हजार दुरुस्तीसाठी राखून ठेवायचे असं घरी ठरलंय. ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. ही फक्त शनिवार-रविवारच्या सकाळसाठी: इंग्लंडमधल्या आमच्या डर्बीहून मॅटलॉक, बक्स्टन, पुढे जमलं तर स्नेक पासचा घाट.

हे वेड कुठून आलं ते एकदा लिहून ठेवतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण डेपोला. सुट्टीत त्यांच्या फेरीला मी इंजिनाच्या झाकणाजवळच्या सीटवर बसून कराडपर्यंत जायचो आणि कुंभार्ली घाटात त्यांचे हात-पाय बघत राहायचो. पुढे गाडी शिकवताना त्यांनी दोनच गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि वळणाच्या आधी सगळं उरकून घ्यायचं, वळणात फक्त वळायचं. या नोंदीत पुढे हे दुसरं वाक्य कामाला येणार आहे.

फेब्रुवारी, तिसरा आठवडा

गाडी बघायला जाण्याआधी तिची एमओटी बघा. इथे तीन वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी ही तपासणी लागते आणि निकाल सरकारी साइटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की फुकट दिसतो. पास-नापास तर दिसतंच, पण खरी माहिती असते ‘अॅडव्हायझरी’ या रकान्यात. गाडी पास केली, पण इकडे लक्ष ठेवा, अशी ती टीप असते. एका एमएक्स-५च्या बाबतीत २०१९ला ‘सिलला (दाराखालच्या पोकळ पत्र्याला) किंचित गंज’, २०२१ला ‘सिलला गंज’ आणि त्यानंतर एकदम काहीच नाही. गंज आपोआप बरा होत नाही. एकतर वेल्डिंग झालं असेल, मग त्याची पावती हवी, नाहीतर वरून काळा थर मारलाय.

प्रत्येक वर्षीचे मैलही तिथेच कळतात. तीन वर्षांत चारशे मैल चाललेली गाडी मला नको. उभ्या गाडीची रबरं वाळतात, ब्रेक धरतात. दरवर्षी चार-पाच हजार मैल चाललेली मला जास्त विश्वासाची वाटते.

या आठवड्यात बावीस गाड्यांच्या नोंदी वाचल्या. प्रत्यक्ष बघायला जाण्यासारख्या तीन निघाल्या.

मार्च, पहिला रविवार: नॉटिंगहॅम, एमएक्स-५

वरून गाडी देखणी, लाल, नवं छत. सोबत नेलेलं सामान: टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, एक लांब प्लास्टिकची पट्टी आणि अंथरायला जुनी चटई.

या पिढीच्या एमएक्स-५ला गंज धरण्याच्या दोन जागा आहेत. छताच्या मागच्या कडेला पन्हळ असते. पावसाचं पाणी तिच्यातून दोन्ही बाजूंच्या नळ्यांत जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. पन्हळीत पाला अडकला की पाणी घरात. इथे ते सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून खातं. रस्त्यावरचं हिवाळ्यातलं मीठ बाहेरून खातं ते वेगळंच.

प्लास्टिकची पट्टी डाव्या नळीत चार बोटं गेली आणि थांबली. मागच्या चाकापुढच्या सिलवर चुंबक धरलं तर ते चिकटेचना. आपल्याकडचे गॅरेजवाले जिला ‘लांबी’ म्हणतात ती पुट्टी तिथे पत्र्याच्या जागी भरलेली होती. मग चटई टाकून पुढची बाजू बघितली. इंजिनाखालून जाणाऱ्या चौकोनी पोकळ तुळया ही दुसरी जागा. त्या दुहेरी पत्र्याच्या असतात आणि गंज आतल्या पत्र्यापासून सुरू होतो, त्यामुळे बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आत बरंच गेलेलं असतं. फुगवटा होता. मालकाला नीट दाखवलं, आभार मानले आणि निघालो. त्यालाही ते ठाऊक नव्हतं असं मला खरंच वाटलं.

मार्च, दुसरा शनिवार: वर्क्सवर्थ, एमएक्स-५

२००३ची, ९२ हजार मैल, गडद हिरवी. दोन्ही नळ्या मोकळ्या, चुंबक सगळीकडे चिकटलं, तुळया कोरड्या. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलावा लागतो, त्याची ५८ हजारांची पावती फाइलमध्ये. मन लावून सांभाळलेली गाडी.

एक दिवसाचा इन्शुरन्स काढला होता म्हणून व्हाया गेलियावर नेता आली. क्रॉमफर्डहून निघणारा हा ए५०१२ रस्ता झाडीतून जातो. अरुंद, सतत ओलसर, एक वळण संपण्याआधी दुसरं सुरू. पहिल्या दोन मैलांतच कळलं की लोक या गाडीच्या प्रेमात का पडतात. गिअरबॉक्स थेट दांडीच्या खाली असल्यामुळे गिअर नुसत्या मनगटाने पडतो. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेलं आहे, वजन पुढे-मागे जवळपास समसमान, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक अॅल्युमिनियमची चौकट गेली आहे, त्यामुळे पाय दाबला की मधे कुठे काही लवचिक आहे असं वाटतच नाही. घोडा आणि स्वार एकजीव, जिनबा इत्ताई, हे माझदाच्या लोकांचं सूत्र. एका वळणात मी जरा जास्त वेगात शिरलो आणि घाबरून पाय उचलला. गाडीने नाक किंचित आत घेतलं आणि सावरून पुढे गेली.

भागांची तर चिंताच नाही. दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्यांत जगात सर्वाधिक खपलेली ही गाडी, २०१६ला दहा लाखांचा आकडा ओलांडलेली. मालकाने ३१०० सांगितले. दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या रात्री मी शोध संपला असं धरूनच झोपलो.

मार्च, दुसरा रविवार: लीक, एमआर२

२००४ची, चांदीच्या रंगाची, ७८ हजार मैल. २००३च्या आसपास या गाडीत सुधारणा झाल्या. सहा गिअर आले, मागची चाकं सोळा इंची झाली, सस्पेन्शन बदललं. मी मुद्दाम त्यानंतरचीच शोधत होतो. आधीच्या इंजिनांत पिस्टनच्या रिंगांमधून ऑइल जळण्याची अडचण जास्त होती.

प्री-कॅटची गोष्ट नव्या लोकांसाठी सविस्तर लिहितो, कारण एमआर२ घेणाऱ्याने आधी हे तपासायचं. धुरातले विषारी वायू कमी करणारा मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरकडे असतो, पण इंजिनाला चिकटून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) आतच, आणखी दोन छोटे असतात, तेच प्री-कॅट. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी. इंजिन ऑइल जाळू लागलं की जाळी खराब होते, तिचा चुरा सुटतो आणि इंजिन इतकं जवळ असल्यामुळे तो उलटा सिलिंडरमध्ये ओढला जाऊ शकतो. सिरॅमिकचा चुरा म्हणजे सँडपेपरच. सिलिंडर घासला की ऑइल आणखी जळतं, जाळी आणखी सुटते, आणि शेवटी इंजिनच बदलावं लागतं. म्हणून बरेच जण ही जाळी आधीच काढून टाकतात.

मालक निवृत्त गृहस्थ, सोळा वर्षं गाडी त्यांच्याकडेच. फोनवरच विचारलं होतं, गाडी थंड ठेवा आणि मॅनिफोल्डवरचे दोन ऑक्सिजन सेन्सर काढू द्याल का. त्यांनी आदल्या रात्रीच तिथे गंज सैल करायचं तेल मारून ठेवलं होतं! सेन्सर निघाले, भोकातून फोनला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडला. दोन्हीकडे जाळी सलग, एकही कण गळालेला नाही. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपाशी, रंग मधासारखा. टायमिंगला चेन, त्यामुळे बेल्टचा प्रश्न नाही. मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, वरवरचा गंज, स्क्रूड्रायव्हर दाबला तर कुठेच आत गेला नाही.

टायरवर मात्र पैसे कमी करून घेता आले. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्हींवर १११३. नक्षी भरपूर, पण २०१३च्या मार्चमधलं रबर. ते दगड झालेलं असतं, आणि या गाडीत वजनाचा मोठा भाग त्याच दोन टायरांवर असतो.

मग लीकहून बक्स्टनच्या दिशेने ए५३. मोकळा माळ, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, बारीक पाऊस. पुढे इंजिनाचं ओझं नसल्यामुळे स्टीअरिंग इतकं हलकं की रस्त्यावरचा प्रत्येक चर तळहाताला कळतो. गिअर मात्र लांबच्या केबलमधून पडतात, माझदाची मजा त्यात नाही. आवाज पाठीमागून येतो, कानाच्या जरा खालून.

कॅरिअरवर गॅसचा सिलिंडर बांधून कोणी सायकल चालवली असेल तर त्याला ही गाडी लगेच समजेल. सरळ रस्त्यावर ती स्थिर, वळणात तोल छान. पण वळणाच्या मधेच दचकून ब्रेक दाबला की मागचं ओझं आपल्या वाटेने जायला बघतं. एमआर२मध्ये वळणात अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि शेपटी बाहेर येते. ओल्या रस्त्यावर, अकरा वर्षांहून जुन्या टायरांवर, मी तो प्रयोग केला नाही. प्रत्येक वळणाआधी वेग कमी केला, गिअर खाली घेतला, मग पाय हलका पण कायम ठेवून वळलो. सहाव्या-सातव्या वळणाला लक्षात आलं की ही तर कुंभार्लीची सवय आहे. वळणाच्या आधी सगळं उरकायचं.

मार्च, त्याच आठवड्यातला मंगळवार

दोन रात्री नीट झोप नाही. वर्क्सवर्थच्या गाडीत खोट काढायला जागा नव्हती. डिकी आहे, भाग स्वस्त आहेत, शिवाय चालवणाऱ्याची चूक ती पोटात घालते. एमआर२ला डिकीच नाही. पुढच्या झाकणाखाली स्टेपनी, आणि सीटच्या मागे कुलपाचे दोन कप्पे.

बायको दोन्ही गाड्यांत बसून आली होती. तिला विचारलं.

“अरे, मुक्कामाला जायचं असेल तर हिरवी घे,” ती म्हणाली. “पण तू मुक्कामाला कधी जातोस? सकाळी सहाला निघतोस आणि जेवायला घरी. दोन मऊ बॅगा मागे मावतात, मी बघितलं. आणि त्या चांदीवालीतून उतरलास तेव्हा तू बाबांबद्दल बोलत होतास. हिरवीतून उतरलास तेव्हा गाडीबद्दल.”

संध्याकाळी लीकला फोन केला. ३६५० सांगितलेले, टायरांचे अडीचशे वजा करून ३४०० ठरले. वर्क्सवर्थच्या मालकाला आधी कळवलं. इतकी चांगली गाडी नाकारताना वाईट वाटलं. ज्यांना रोज चालवायला किंवा रेसट्रॅकवर शिकायला अशी गाडी हवी आहे, त्यांना मी आजही एमएक्स-५च घ्या म्हणेन.

एप्रिल: पहिली कामं

मागचे टायर बदलले, २१५/४५ आर १६. पुढचे १८५/५५ आर १५, ते तीन वर्षांचेच होते, ठेवले. मापं वेगळी असल्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे करता येत नाहीत, तेव्हा मागचे लवकर झिजणार हे हिशेबात धरा.

अलाइनमेंटला नेली तर मागचे अॅडजस्टर गंजून धरलेले. दोन दिवस तेल मारून, तापवून सोडवले. मागच्या चाकांचा कोन दोन्हीकडे वेगळा होता. तो सारखा केल्यावर गाडी सरळ रस्त्यावर स्टीअरिंगला जराही हात न लावता चालू लागली. एवढ्या एका कामाने झालेला फरक टायरांपेक्षा मोठा आहे.

सबफ्रेम तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने मीठ धुऊन, चार दिवस वाळवून त्यावर मेणाचा थर दिला. पोकळ भागांत लांब नळीने आतूनही. ऑइल आणि फिल्टर बदलला. फिल्टरसकट ३.७ लिटर लागतं, एवढंच, म्हणून अर्धा लिटर कमी झालं तरी या इंजिनाला ते जाणवतं. दर दुसऱ्या रविवारी, गाडी थंड असताना, डिपस्टिकचा फोटो काढून ठेवतोय. ६४० मैल झाले, पातळी दोन मिलिमीटर खाली.

बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. मागचं झाकण उघडून इंजिन दाखवल्यावर ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “रेडिएटर कुठाय?” पुढे आहे म्हटल्यावर म्हणाले, “मग एवढ्या लांब पाइपात हवा अडकत असेल की रे.”

अडकते. कूलंट बदलताना पुढून आणि मागून दोन्हीकडची हवा काढावी लागते. पुढच्या शनिवारी तेच काम काढलंय.