मालवणच्या सिस्टरचा नंबर

"सिस्टर, तुमच्याकडे मालवणच्या सिस्टरांचो नंबर आसा काय?"

काल रात्री देवगडात पेशंटच्या मुलीने विचारलं. आईला तिकडे हलवायचं होतं. माझ्याकडे नव्हता. केनियातल्या एका नर्सचा मात्र आहे!

ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये ओळख झाली होती. नाइटला एकटीवर किती पेशंट असतात, तिने विचारलं. मी आकडा सांगितला. ती हसली, म्हणाली, "सेम." बाकीची भाषणं विसरले (खरं तर डुलक्याच काढल्या), तो एक शब्द राहिला.

नर्सांची जागतिक संस्था, जिनिव्हातली इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस, 1899 ची. तिथे सभासद देशोदेशीच्या संघटना, सुट्या नर्स नाहीत. आपली दिल्लीतली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन 1908 ची. म्हणजे जिनिव्हा ते दिल्ली साखळी शंभर वर्षं जुनी. देवगड-मालवणच्या मधे नुसतं आचरं, आणि तिथे कडीच नाही. 12 मेला, नर्सेस डेला, केक कापतो, तोही आपापल्या वॉर्डात.

सकाळी ड्युटी सुटल्यावर मालवणला लँडलाइन लावला. पलीकडच्या सिस्टर म्हणाल्या, "बरा झाला, तुमचोपण नंबर द्या. आमका नेहमी लागता."

वेंगुर्ल्याचं कोणी आहे का इथे?