चिखल्या, दिवे घाट आणि चार पदरी गाळणं

वारीत माणूस बहुधा पायापासून आजारी पडतो. आळंदी सोडून दोन-तीन दिवस झाले की फोड येतात आणि दोष जातो डांबरी रस्त्याला. पण खरी खोडी ओलीची. भिजलेली कातडी मऊ पडून चपलेच्या पट्ट्याला चिकटते. आतलं हाड पुढे सरकतं, वरची कातडी जागीच राहते, मधले थर सुटे होतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणून आमच्या दिंडीत विसाव्याला आधी पाय, मग चहा. पायमोजे काढायचे, बोटांच्या बेचक्या पंच्याने कोरड्या करायच्या, दुसरी जोडी चढवायची आणि ओली जोडी पडशीला बाहेरून बांधायची. चालताना एखाद्या जागी चटका बसल्यासारखं वाटलं, तर मुक्कामाची वाट न पाहता तिथेच कागदी चिकटपट्टी लावायची. रांग सोडणं जिवावर येतं हे खरं. पण पाच मिनिटं मागे पडलेला माउली दिंडी गाठतो, फोड फुटलेल्याला सामानाच्या ट्रकमध्ये बसावं लागतं.

नवी चप्पल वारीत काढणं हा तर हौसेचा मूर्खपणा. निदान दोन महिने वापरलेली, मागे पट्टा असलेली आणि किंचित सैल हवी, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात.

रात्री खोबरेल तेल टाचांना लावावं, बेचक्यांत नाही. तिथे ओल कोंडून चिखल्या होतात. लहान फोड तसाच ठेवावा. मोठा, ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं, पण वरची कातडी सोलू नये. तिच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. मधुमेह असलेल्यांनी सुई लावूच नये. त्यांना कधी कधी फोड आल्याचं कळतही नाही, म्हणून त्यांचे तळवे रोज रात्री दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात पाहायचे.

ज्ञानोबांच्या सोहळ्यात पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, तीसएक किलोमीटरचा, त्यात दिवे घाटाचा चढ. तो बहुतेक वर्षी नेमका ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो. घाम सर्वांत जास्त आणि पोटात साबुदाणा! त्या दिवशी घामावाटे मीठही जातं, आणि वरून नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. 1 लिटर पाण्यात 6 सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावं. उपासाला सैंधव चालतं. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नये, जास्त मिठाने अपायच होतो. भर उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंग ओलं करावं, वारा घालावा आणि लगेच डॉक्टर बोलवावा.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीनची गोळी गाळातच खर्ची पडते. म्हणून आधी गाळणं. त्यासाठी जुनी, धुऊन धुऊन विरलेली सुती साडी घ्यावी. धुण्याने धागे सुटून फुगतात आणि वीण बारीक होते. तिचे चार पदर करून गाळावं. बांगलादेशातल्या खेड्यांत एवढ्या उपायाने कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले होते. नंतर पाकिटावरच्या प्रमाणात गोळी टाकून अर्धा तास थांबावं.

आणि रथापुढच्या दिंडीने ओढ्याकाठी जे केलं, ते एका सरीनिशी रथामागच्या दिंडीच्या हंड्यात येतं. फिरतं शौचालय दोनशे पावलं लांब असलं तरी तिथेच जावं. नीरेत साबणाशिवाय बुडी मारावी. कपडे धुवायचे तर बादलीत पाणी काढून काठापासून लांब, आणि ते पाणी मातीत ओतावं, पात्रात नाही. पंगतीला पानांची पत्रावळ असेल तर ती खड्ड्यात कुजते. चांदीसारखी चकचकीत असेल तर उष्ट्यासकट गुरांच्या पोटात जाते, त्यापेक्षा पडशीत आपली ताटली बाळगलेली बरी.