माझा फोटो चांगला येत नाही

पोर्ट्रेट काढून घ्यायला येणाऱ्या माणसांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "माझा फोटो चांगला येत नाही हां, आधीच सांगून ठेवते." म्हणजे अजून खांद्यावरची बॅग उतरलेली नाही, लाइट लागायचेत, आणि निकाल लागून मोकळा. यावर मी "छे हो, मस्त येईल" असं कधीच म्हणत नाही, कारण ते आजवर प्रत्येकाने म्हटलेलं असतं आणि त्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नसतो. मी सरळ विचारतो, नक्की काय आवडत नाही? मग यादी बाहेर येते. एक डोळा बारीक आहे, हनुवटीखाली अजून एक हनुवटी आहे, गाल फार आहेत, कपाळ फार आहे, केस फार नाहीत. आणि गंमत म्हणजे यातल्या निम्म्या गोष्टी समोर बसून मला दिसलेल्याही नसतात.

हल्ली सगळ्यात जास्त तक्रार नाकाची. आणि त्याला कारण आहे हातातला फोन. सेल्फी काढताना कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर लांब, कधी त्याहूनही जवळ असतो, नाक त्याच्या सगळ्यात जवळ आणि कान चांगले चार-पाच इंच मागे, त्यामुळे नाक फुगतं आणि कान आत जातात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी हे चक्क गणित करून दाखवलं, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याच्या मानाने नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. त्यांना हे करावं लागलं कारण लोक सेल्फी दाखवून नाकाचं ऑपरेशन मागायला येत होते. बिचारं नाक! दोष हाताच्या लांबीचा आणि सुरी त्याच्यावर. लोकांना वाटतं ८५ किंवा १३५ मिलिमीटरची, म्हणजे लांबून चेहरा टिपणारी लेन्स चेहरा सुंदर करते, तर लेन्स काही करत नाही, ती फक्त फोटोग्राफरला चार पावलं मागे जायला लावते. बाकी काम त्या अंतराचं.

हनुवटीचा इलाज मात्र करून घ्यायला माणसाला जरा धीर लागतो. हनुवटी लपवायला सगळे मान मागे ओढतात, आणि मागे ओढली की नेमकी तिथेच वळी पडते. करायचं उलटं, कासव डोकं बाहेर काढतं तसं कपाळ पुढे आणायचं आणि मग हनुवटी किंचित खाली. बाजूने बघणाऱ्याला हे इतकं हास्यास्पद दिसतं की सोबत आलेल्या मंडळींना मी आधीच सांगून ठेवतो, हसायचं नाही. समोरून मात्र जबड्याची रेघ अशी स्वच्छ उमटते की क्लाएंट स्क्रीनवर बघून गप्प होतो. बाकीचे तसे किरकोळ उपाय, चष्म्यावर लाइट चमकत असेल तर दांड्या कानावरून जराशा उचलायच्या म्हणजे काचा खाली झुकतात, एक डोळा बारीक असेल तर चेहरा असा वळवायचा की तो डोळा कॅमेऱ्याच्या जवळ येईल, चेहरा भरलेला असेल तर कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत आणि पलीकडचा उजेडात, आणि दर फोटोत डोळे मिटणारे असतील त्यांना म्हणायचं आता मिटाच, मी तीन म्हटल्यावर उघडा. हे सगळं कोणीही शिकू शकतं. यात काही मोठं नाही.

खरं अवघड गिऱ्हाईक म्हणजे कॅमेरा वर उचलला की पुतळा होणारा माणूस. १८४० च्या सुमारास फोटो काढायला इतका वेळ लागायचा की माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. आता शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागात उघडून बंद होतं, पण लोक अजून असे बसतात की तो टेकू कुणीतरी मानेत विसरून गेलंय. आणि त्यांना "हसा" म्हणणं म्हणजे तर कहर. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की ओठांचे कोपरे हुकमावर वर जातात, पण खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा जो स्नायू आवळतो तो असा सांगून ऐकत नाही. म्हणून हुकमी हसण्यात तोंड एका कार्यक्रमाला आलेलं असतं आणि डोळे दुसऱ्याच.

मोठमोठ्या फोटोग्राफरांनी यावर आपापले मार्ग काढले. यूसुफ कार्शने १९४१ मध्ये चर्चिलच्या तोंडातला सिगार सरळ काढून घेतला, तो चिडला, आणि जगप्रसिद्ध फोटो मिळाला. फिलिप हॉल्समन भल्याभल्यांना उडी मारायला लावायचा, इंग्लंडच्या राजघराण्यातल्या विंडसरच्या ड्यूक-डचेसनेसुद्धा बूट काढून मारली, कारण हवेत असताना चेहरा सांभाळायला माणसाकडे वेळच नसतो. आता माझ्याकडे येणाऱ्यांना उडी मारा म्हटलं तर आधी गुडघ्याचा इतिहास ऐकावा लागेल, आणि तोंडातून काही काढून घ्यायची माझी तरी हिंमत नाही.

परवा एक काका आले होते, कंपनीच्या वेबसाइटसाठी फोटो हवा होता. बसल्या बसल्या "किती वेळ लागेल?", खांदे कानाला भिडलेले, दोन्ही हातांनी गुडघे असे घट्ट धरलेले की सोडले तर पळून जातील. आणि सोबत काकू. सोबत येणारं माणूस हे क्लाएंटपेक्षा दुप्पट अवघड असतं हे माझं ठाम मत आहे, कारण ते बरोब्बर माझ्या मागे उभं राहून डायरेक्शन देतं. "अहो, जरा हसा ना. असं नाही. तोंड काय तसं करताय, मुलाच्या ग्रुप फोटोत केलं होतंत तसं करू नका." काकांचा चेहरा दर सूचनेगणिक अजून एक इयत्ता कडक. मी काकूंना बाहेर बसवत नाही, त्याने वातावरण बिघडतं, मी त्यांना काम देतो. रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवणारा पडदा, हातात दिला, म्हटलं काकू, हा असा खालून धरा, तुमच्याशिवाय होणार नाही. त्यांनी तो इतक्या मन लावून धरला, आणि मन लावून तिरका केला, की सगळा झोत थेट काकांच्या डोळ्यात. "अगं, आंधळा करतेस का मला आता?" काकू फिस्सकन हसल्या, रिफ्लेक्टर थरथरायला लागला, काकांनी एक हात डोळ्यांवर धरला आणि तो खाली घेता घेता त्यांनाही हसू फुटलं, हात परत गुडघ्यावर गेलाच नाही, खांदे खाली आले, आणि तेवढ्यात माझे चार-पाच फ्रेम होऊन गेले. नंतर आम्ही अजून पंधरा-वीस मिनिटं रीतसर फोटो काढले. ते कोणीच निवडले नाहीत.

मग येतं रिटचिंग. "थोडं फोटोशॉप करा" यातलं थोडं म्हणजे किती हे दर माणशी बदलतं. मी आपला नियम ठेवलाय, पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर नसेल ते काढतो. पुटकुळी जाते, तीळ राहतो. डोळ्याखालचं काळं थोडं फिकं करतो, पुसत नाही. कातडी घोटून प्लास्टिक करून मागणारेही येतात, त्यांना समजावतो, कधी पटतं कधी नाही. मला स्वतःला तसा फोटो बघितला की वाटतं आपण त्या माणसाला सांगतोय की तुझा चेहरा असा चालण्यासारखा नव्हता बाबा.

पण इतकं सगळं जमूनही निवडायच्या वेळी घोळ होतोच. एक मॅडम होत्या, फोटो खरंच छान आलेले, लाइट, डोळे, हसू सगळं जागच्या जागी. त्या प्रत्येक फोटोवर एकच, "काहीतरी चुकलंय, ही मी वाटत नाहीये." बहीण शेजारी बसून "अगं हुबेहूब तूच आहेस की". मला शंका आली. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं, आणि जग त्याला सुलटं बघतं. १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोगच केला होता, काही बायकांना त्यांचाच फोटो सुलटा आणि उलटा असा दाखवला, तर बहुतेकींना आरशातला आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना खरा. म्हणून मी काहीएक न बोलता तोच फोटो लॅपटॉपवर आडवा फ्लिप केला. भांग इकडचा तिकडे, गालावरचा तीळ तिकडचा इकडे.

"हां! आत्ता कसं!" मॅडम एकदम पुढे सरकल्या. "ही मी. हाच द्या."

बहीण स्क्रीनकडे बघतच राहिली. "हिचं तोंड वाकडं का झालं एकदम?"

दोघींची जुंपली, आणि मी दोन्ही फाइल पेनड्राइव्हवर टाकून दिल्या.