तुम्ही विचारलंत म्हणून: विमान घेऊन निघताना कुणाला सांगता?

कॅलिफोर्नियातून सुट्टीला पुण्यात आलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तू ते छोटं विमान उडवतोस, तर निघताना कुणाला कळवावं लागतं का रे? आणि पोचलास की नाही, हे बघतं कोण?"

उत्तर ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. अमेरिकेत हवा स्वच्छ असेल आणि बाहेर बघत उडायचं असेल, म्हणजे 'व्हीएफआर', तर फ्लाइट प्लॅनची, म्हणजे कुठून कुठे, किती वाजता हे आधी कळवण्याची, सक्ती नाही. वॉशिंग्टनभोवतीचं आकाश किंवा देशाची हद्द ओलांडणं, असे काही अपवाद आहेत. ढगांतून जायचं तर मात्र नियंत्रित हवाई क्षेत्रात प्लॅन लागतोच. भारतात एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर फ्लाइट प्लॅन, वर एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर, मगच चाक हलतं.

आणि पोचलात हे बघणारं कुणी नसतं, तुम्ही स्वतःहून प्लॅन भरला नसेल तर. भरलात तरी निघाल्यावर तो आपणच चालू करायचा आणि उतरल्यावर आपणच बंद करायचा. विमानतळावर नियंत्रण टॉवर असला तरी टॉवरवाले प्लॅन आपणहून बंद करत नाहीत. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला की फ्लाइट सर्व्हिसवाले, म्हणजे हे प्लॅन सांभाळणारी सेवा, चौकशी सुरू करतात.

फॉर्मवर इंधन किती तास पुरेल, माणसं किती, हे विचारतात. विमानाचा रंगही विचारतात. पहिल्यांदा मी हौसेने 'पांढरा, निळे पट्टे' असं लिहिलं. तो रंग नेमका कशासाठी विचारतात, हे नंतर डोक्यात शिरलं.

एकदा सिएराच्या पायथ्याशी एका टॉवर नसलेल्या विमानतळावर उतरलो. माझ्या छोट्या सेसना विमानाला दोर बांधले, डबा उघडला, थालीपीठ हातात, फोन सायलेंटवर. तेवढ्यात तिथला माणूस गोल्फकार्टमधून आला, शेपटीवरचा नंबर वाचला आणि म्हणाला, "तुम्हाला शोधतायत." प्लॅन बंद करायचा राहिला होता. फोनवर चार मिस्ड कॉल. पलीकडची बाई रागावली नाही, उलट "उतरलात ना नीट?" असं विचारलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

तरी मी प्लॅन भरतो. फुग्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ला नेवाडातून छोट्या विमानाने निघाला, प्लॅन न भरता. नेमकं कुठे शोधायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. अवशेष सापडले ऑक्टोबर २००८मध्ये, कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळ, तेही एका गिर्यारोहकाला आधी त्याची ओळखपत्रं दिसली म्हणून.

कॅनडात पंचवीस सागरी मैलांपलीकडे जायचं तर प्लॅन द्यावा लागतो, किंवा निदान एखाद्या जबाबदार माणसाला मार्ग आणि वेळ सांगून जावं लागतं. मला ही पद्धत आवडते. आमच्या घरी ती एसटीडीच्या काळापासून आहे: "पोचलास की दोन रिंगा दे आणि ठेव." तेवढ्यात आईला कळायचं, आणि पैसेही पडायचे नाहीत.

आता फ्रिजवर चिठ्ठी लावतो: कुठून, कुठे, किती वाजता, फ्लाइट सर्व्हिसचा नंबर. मागच्या महिन्यात समोरचा वारा जोराचा होता, चाळीस मिनिटं उशीर झाला. उतरल्यावर आधी प्लॅन बंद केला, मग बायकोला फोन लावला. लागेना. एंगेज. ती त्याच नंबरवर बोलत होती.